घरचं उत्तर

सरांच्या खिशात पेन कधी नसायचं. सही करायची वेळ आली की समोरच्याचं मागून घ्यायचे आणि परत द्यायला हमखास विसरायचे. माझी अशी तीन पेनं गेली. खिशात असायचा तो चष्म्याच्या जुन्या घरात जपून ठेवलेला स्क्रूगेज. अकरावीच्या प्रयोगशाळेत तारेची जाडी मोजायला देतात तसला, फक्त त्याहून कितीतरी चांगला. तो काढून ते कशाचीही जाडी मोजत बसायचे. कॅन्टीनमधल्या स्टीलच्या ग्लासची कड, आमची ओळखपत्रं, संचालकांनी पाठवलेल्या परिपत्रकाचा कागद. एकदा माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी त्यांनी चार ठिकाणी मोजली, मनाशी आकडे पुटपुटले आणि म्हणाले, "चारही वेगळे आले. हातानं थापलेली आहे." मुलं हसली. मी लाजून डबा मिटला. ते कौतुक होतं हे मला फार उशिरा कळलं.

आमचं कॉलेज पुण्याजवळ चऱ्होलीत, कालपर्यंत जिथं कांदा होता आणि आज बारा मजली इमारतींचे सांगाडे उभे आहेत अशा जागी. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला 'व्यवसाय नीतिशास्त्र' असा एक विषय होता आणि त्याचा तास शुक्रवारी, जेवणानंतर. नकोसा विषय नकोशा वेळी, म्हणून तो सरांच्या गळ्यात मारला असावा. सर दिघीला एकटे राहायचे आणि जुन्या स्कूटरवरून यायचे. त्याआधी तीसेक वर्षं ते एका मोठ्या वाहन कंपनीच्या क्वालिटी खात्यात होते, आणि निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना अचानक राजीनामा देऊन बाहेर पडले होते. का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आधी तुम्ही सांगा, माझा नंबर शेवटचा."

ते सगळ्यांना अहोजाहो करायचे, अगदी आम्हा मुलींनासुद्धा. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. आणि फळ्यावर एक अक्षर लिहायचे नाहीत. "फळ्यावर लिहिलं की तुम्ही उतरवून घेता," म्हणायचे, "आणि उतरवून घेतलं की तुम्हाला वाटतं काम झालं." वर्षभर तो फळा कोरा होता. शुक्रवारी आम्ही जे काही शिकलो ते कानानं शिकलो.

अशा माणसाबद्दल लिहिताना सगळं गोडगोड लिहायचा मोह होतो. पण त्या वर्षी मला सरांची भीती वाटायची आणि पुढे पुढे त्यांचा रागही यायला लागला. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पुस्तकात एक धडा होता. वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांना धंद्यातलं योग्य-अयोग्य वेगवेगळं वाटतं, असं त्याचं सार. उदाहरणं सगळी परदेशातली. सर म्हणाले की हे परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. इथं मला घरचं उत्तर हवं. मग ते एक प्रश्न द्यायचे. तो घरातल्या कमावत्या माणसाला विचारायचा, त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहून आणायचं आणि वर्गात उभं राहून वाचायचं. त्यातला एक शब्दही सुधारायचा नाही. घरचं उत्तर वाचायच्या दिवशी ते दार आतून लावायचे, सगळ्यांचे मोबाइल एका मोठ्या डब्यात गोळा करायचे आणि सांगायचे की इथं वाचलेलं इथंच राहील.

पहिला प्रश्न होता: तुमच्या खात्यातल्या माणसानं खराब माल पुढं ढकलला हे तुम्हाला कळलं, तर तुम्ही काय कराल?

दिघीची एक मुलगी होती, वडील सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं होतं, वरिष्ठाकडून लेखी आदेश मागायचा आणि तो मिळाला की मुकाट काम करायचं. चिपळूणकडच्या एका मुलाच्या वडिलांनी सांगितलं होतं की आपण तोंड उघडू नये, गुपचूप दुसरी नोकरी बघावी. सूरज नावाचा मुलगा चऱ्होलीचाच, जुन्या शेतकरी घरातला. त्यानं काकांचं उत्तर आणलं होतं: "आपल्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायचं न्हाई. घरात बोलवायचं, दार लावायचं, मग काय त्ये बोलायचं." माझे बाबा लातूरकडचे. त्यांचं वाक्य मी वाचलं: "ज्याचं मीठ खाल्लं त्याला उघडं पाडायचं नसतंय."

एकेक घर उठलं, वाचून बसलं. सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाले, "ही सगळी माणसं चांगली आहेत. मला यातला एकही माणूस वाईट म्हणता येणार नाही. तरी खराब माल रस्त्यावर जातो. कसा जातो?"

मी प्रश्न वहीत लिहून घ्यायला लागले तर त्यांनी वही मिटायला लावली.

आता आमचं घर. बाबा कुरुळीत एका कारखान्यात होते, आणि तो कारखाना सूरजच्या काकांचा. चऱ्होलीतली जमीन बिल्डरला गेली, त्यातून काकांनी कुरुळीत शेड टाकली. तिथं ब्रेकच्या पेडलला लागणाऱ्या पिना बनायच्या. बाबा शेवटच्या तपासणीवर, आणि सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मालकसुद्धा. आम्ही राहायचो ती खोलीही मालकांच्याच चाळीतली. सूरजला हे माहीत होतं. त्यानं वर्गात कधी दाखवलं नाही, मीही नाही. आम्ही दोघं एकमेकांना टाळून नीट वागत होतो.

मधे कॉलेजात एक तपासणी समिती यायची होती. मग काय, आठ दिवस सगळीकडे कागद तयार करायची धांदल. न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली गेली, मागच्या सहा महिन्यांची हजेरी एका दुपारी भरून झाली. सर हजेरी कधी घेत नसत. त्यांच्याकडेही वही पाठवली, तर त्यांनी प्रत्येक शुक्रवारच्या रकान्यात 'घेतली नाही' असं लिहून खाली सही ठोकली. शिपायाच्याच पेननं. संचालकांनी बोलावून घेतलं. करार वाढवायचा की नाही ते आमच्या हातात आहे, असं त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं म्हणे. कारकुनाकडून ही बातमी आमच्यापर्यंत आली. (पुढच्या वर्षी करार वाढला नाहीच.) सर तिथून सरळ आमच्या तासाला आले. नेहमीसारखं बोलले, पण स्क्रूगेज हातात असून त्या दिवशी त्यांनी काहीही मोजलं नाही.

ही गोष्ट मी घरी जेवताना सांगितली. बाबा हसले, "येडा माणूस दिसतोय." मग घास तसाच हातात धरून विचारलं, "मग काढलं का त्येला?" मी म्हटलं, अजून नाही. तेव्हा कुठं त्यांनी तो घास तोंडात घातला.

त्यानंतरचा शुक्रवार मला अजून स्वप्नात येतो. सरांनी एका पिशवीतून लोखंडी पिना आणल्या आणि प्रत्येकाला एकेक दिली. स्क्रूगेज पाच आणले होते, ते बाकांवरून फिरवायचे. छापील कागदावर दहा रकाने. एकच पिन दहा वेळा मोजायची, दहा आकडे लिहायचे, वेळ वीस मिनिटं. वर्गात मुलं पन्नासच्या घरात आणि स्क्रूगेज पाच. स्क्रूगेज माझ्यापर्यंत आला तेव्हा मी एकदा मोजलं आणि तो पुढं दिला. बाकीचे नऊ आकडे भरले. शेजारणीनं तर तेवढंही केलं नाही, माझ्याकडे बघून लिहिलं. त्यात गैर काही आहे असं आमच्या मनालाही शिवलं नाही.

सरांनी कागद गोळा केले. कुठल्याही पिनेला हात न लावता नुसते कागद बघत त्यांनी दोन ढीग केले. "हे मोजलेले," ते म्हणाले, "आणि हे भरलेले." मोजलेल्यांत चार कागद होते. त्यातला एक सूरजचा. त्याचे आकडे वेडेवाकडे होते आणि एक तर उघड उघड चुकलेला. सर त्याला म्हणाले की तुमचा हात वाईट आहे, पण तुम्ही मोजलंत.

मग वादावादी झाली. कुणीतरी म्हणालं की सर, अकरावीपासून जर्नल असंच लिहितात सगळे. निरीक्षणं मागच्या वर्षीच्या मुलाकडून घ्यायची, उत्तर पुस्तकातल्याएवढं आणायचं. आलं नाही तर मॅडम सही करत नाहीत. सरांनी शांतपणे विचारलं की तुम्हाला हे कुणी शिकवलं, घरी की शाळेत? मुलगा म्हणाला, कुणी शिकवलं नाही, सगळे करतातच. सरांनी 'सगळे करतातच' हे शब्द दोनदा स्वतःशी म्हटले.

एक कागद त्यांच्या हातात तसाच राहिला होता. तो घेऊन ते माझ्या बाकापाशी आले आणि आवाज खाली आणला.

"हा कुठल्या ढिगात टाकावा ते मला कळेना. हे नवशिक्याचं काम नाही." त्यांनी माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं. "सातात ही आडवी रेघ तुम्ही कधीपासून काढता?"

"शाळेपासून, सर."

त्यांनी मान हलवली. चेहरा असा झाला की त्यांना काहीतरी दुखतंय असं वाटावं. मग त्यांनी पुढच्या शुक्रवारचा प्रश्न दिला: न मोजता आकडा भरला असं तुमच्या घरात कधी झालंय का? झालं असेल तर ते सुरू कसं झालं? आणि तास संपायला दहा मिनिटं असताना आम्हाला सोडून दिलं. असं याआधी कधी झालं नव्हतं.

सरांना माझ्या आकड्यांत काय दिसलं ते मला तिथल्या तिथं कळलं नाही. पण त्या आकड्यांत काय होतं ते मला ठाऊक होतं. बाबांच्या कारखान्यातून माल बाहेर पडताना त्याच्याबरोबर एक कागद जायचा. दहा पिना काढायच्या, त्या पुरेशा कडक आहेत की नरम हे यंत्रावर तपासायचं, दहा रकान्यांत दहा आकडे लिहायचे. बाबांचं अक्षर गिचमिड. कंपनीकडून कागद वाचता येत नाही अशी तक्रार आली, म्हणून ते कागदांचं पुस्तक घरी आणायला लागले आणि मी ते भरायला लागले. आठवीत होते मी. आकडे बाबा सांगायचे, नंतर नंतर मीच ठरवायला लागले. शेजारच्या दोन रकान्यांत एकच आकडा ठेवायचा नाही. चौथा जरासा कमी घ्यायचा, म्हणजे खरं वाटतं. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे की माझ्या लेकीचं अक्षर छापल्यावाणी आहे. मलाही त्याचा अभिमान होता. मोठी झाल्यावर मला कळत नव्हतं असं नाही. पण ते आमच्या घरातलं एक काम होतं, जसं पाणी भरणं.

आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. बाबा घरी होते, मिक्सर उघडून बसले होते. मी प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"काय इचारायलीस तुला तरी कळतंय का?"

मी म्हटलं, कळतंय.

मग त्यांनी सांगितलं. सुरुवात एका दिवसापासून झाली. गाडी गेटवर उभी होती, यंत्रावर दहा पिना तपासायला वेळ लागतो, आणि मालक येऊन म्हणाले, मामा, आजच्या दिवस भरून टाका. मग गाडी उभी असेल त्या दिवशी भरायला लागले. मग रोजच. मग एक दिवस यंत्र बंद पडलं आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याला दोन वर्षं झाली. सुटा भाग मिळत नाही म्हणून दुरुस्ती राहिलीय, असं मालक सांगतात.

मी विचारलं की पिना नरम असल्या तर. बाबा म्हणाले की आजवर काही झालं नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या झटकन म्हटलं की ते आधी कितीतरी वेळा स्वतःशी म्हटलेलं असणार.

"मालकानं राहायला खोली दिली," ते म्हणाले. "तुझ्या मायचं आपरेशन झालं तवा सोता गाडी काढून दवाखान्यात आले. त्यांचं नाव मी कसं घिऊ?" मग विचारलं, "वर्गात वाचणार हायस का हे?"

मी सांगितलं की वाचावं लागतं. आणि त्या वर्गात सूरजही असतो.

"मग वाचू नको. ज्याच्यात तुझं अक्षर हाय ते तू कोणत्या तोंडानं वाचशील?"

बाबांनी मला आयुष्यात कशालाही नको म्हटलं नव्हतं. वाचलं असतं तर त्यांची नोकरी जाणार, डोक्यावरचं छप्पर जाणार. नाही वाचलं तर पिना अशाच जात राहणार आणि माझ्याच हातच्या आकड्यांवर जाणार. रात्रभर मला दोन्ही पटत होतं.

शुक्रवारी माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले आणि वाचलं: "माझ्या वडिलांनी सांगितलं की आमच्याकडे असं कधीही झालेलं नाही. प्रत्येक नगाची तपासणी करूनच माल पुढे पाठवला जातो."

सर खिडकीशी होते. त्यांनी वळून न बघता विचारलं, "शब्द वडिलांचेच?"

"हो, सर."

"बरं. बसा."

मी बसले. त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. मी बाकावरची अक्षरं वाचत होते. तेवढ्यात मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. सूरज त्याचा नंबर नसताना उभा राहिला होता. कागद दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून त्यानं काकांचे शब्द वाचले.

"यंत्र बंद हाय त्ये मला म्हाईत हाय. पर आपल्याला कसली भीती? कागदावर सही मामांची हाय. अक्षरबी त्यांच्याच घरचं. उद्या काय झालंच तर आपला त्यात संबंध न्हाई."

वाचून तो उभाच राहिला. मामा कोण हे वर्गात आम्हा दोघांनाच माहीत होतं. सरांनी खिडकी सोडली आणि थेट माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनाही कळलंय हे मी ओळखलं. बाबा मालकांना जपतात तसं मालकही बाबांना जपतील, मीठ दोन्ही बाजूंनी खाल्लेलं असतं असं मी धरून चालले होते. आणि ज्या घरात आपल्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही म्हणतात, त्या घरच्या मुलानं ते घेतलं होतं. मीठ खाल्लेल्या घरची मी, मी खोटं वाचून बसले होते.

मग दिघीची ती मुलगी म्हणाली, "सर, आता तुमचाच नंबर राहिला."

सरांनी खिशावरून हात फिरवला. म्हणाले, "मी कागद घेणाऱ्या बाजूला होतो. भरलेले आकडे मला कळायचे. परवा तुमचे कळले तसेच. पण माल थांबवला तर गाड्या जोडायची लाइन थांबते, आणि लाइन थांबली की माझ्या साहेबांचं नाव खराब होतं. साहेबांनी मला हाताला धरून वर आणलं होतं. मी सही करायचो. एक दिवस सही करताना हात चालेना. राजीनामा दिला. लोकांना वाटलं, केवढा बाणेदार. मी फक्त निघून आलो होतो."

एवढं बोलून त्यांनी दाराची कडी काढली.

घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं, माझं खोटं वाचणंही. मालकांचे शब्द त्यांनी मला दोनदा म्हणायला लावले. 'अक्षरबी त्यांच्याच घरचं' इथं आल्यावर हात वर करून थांबवलं. मग विचारलं, "तुझ्या त्या सरानं हजेरीच्या वहीत काय लिवलं होतं म्हणलीस?"

"घेतली नाही, असं."

शनिवारी बाबांनी कागदांचं पुस्तक माझ्याकडे दिलं नाही. कारखान्यात बसून, स्वतःच्या गिचमिड अक्षरात त्यांनी दहाच्या दहा रकान्यांत 'मोजले नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद गाडीबरोबर जाऊ दिला. त्याची कार्बन प्रत घडी करून खिशात घालून घरी आणली. माल त्याच दिवशी परत आला. कंपनीत त्या पिना तपासल्या, त्यांत काही नरम निघाल्या. किती, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सोमवारी बाबांना कामावरून काढलं आणि महिनाभरात खोली सोडायला सांगितलं. दोन वर्षं ज्याचा सुटा भाग मिळत नव्हता ते यंत्र आठ दिवसांत दुरुस्त झालं. बाबा आता चाकणला एका लहान कारखान्यात आहेत. पगार कमी आहे, यंत्र चालू आहे.

पण त्या आठवड्यात पुढचं काहीच माहीत नव्हतं. घरात खोकी बांधणं सुरू होतं आणि मला सरांचा भयंकर राग आला होता. हा माणूस दिघीत आपल्या घरात सुखात बसलाय, प्रश्न विचारतोय, आणि त्याच्या प्रश्नापायी माझ्या बापाची नोकरी गेली. आता कॉलेजला पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं.

गुरुवारी दुपारी चाळीच्या तोंडाशी ती जुनी स्कूटर येऊन थांबली. पत्ता सूरजनंच दिला असणार. बाबांनी "या, साहेब" म्हणून खाटेवरची भांडी बाजूला सारली. माझे सर एवढीच बाबांना त्यांची ओळख. सर अवघडून बसले. चहा आला तरी त्यांनी ग्लासची कड मोजली नाही. मी आतल्या दाराशी उभी होते, मुद्दाम बाहेर आले नाही.

सरांनी तो कागद बघायला मागितला. बाबांनी कार्बन प्रत काढून दिली. सर ती वरपासून खालपर्यंत वाचत गेले, दहाही रकाने, जणू प्रत्येकात वेगळं काही लिहिलं होतं. मग सवयीप्रमाणे पेन मागितलं. बाबांनी खिशातलं दिलं. कागदाच्या तळाशी घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती.

"माझ्या सहीला आता काही किंमत नाही," सर म्हणाले. "तरी करू द्या." आणि त्यांनी सही केली.

बाबांनी कागद हातात घेतला आणि बघतच राहिले. मग उजेडाकडे धरला. सही केलेली एक प्रत दर खेपेला कंपनीकडून परत यायची आणि बाबा ती फाइलला लावायचे. किती वर्षं लावत होते.

"ही सही मी वळखतो," बाबा म्हणाले. "तुम्हीच का ते?"

सरांनी मान डोलावली.

"तुम्हाला कळत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

बाबा रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही. कागदाची घडी घालत, एखाद्या मित्राला म्हणावं तसं म्हणाले, "मग एकदा तरी कागद माघारी धाडायचा होता की, साहेब. मालकाला सांगायला मला तोंड झालं असतं."

सरांनी बाबांचं पेन बाबांच्या हातात परत दिलं. उंबऱ्यापाशी चप्पल घालून ते निघाले. तेव्हा माझा राग थोडा सैल झाला, आणि तसा झाला याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. का, ते सांगता येणार नाही. सूरजच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं बसले. सर आत आले. दार लावलं नाही, मोबाइल मागितले नाहीत. टेबलावरचा मार्कर उचलला आणि फळ्याकडे वळले. वर्षभरात आम्ही त्यांचं अक्षर पहिल्यांदाच पाहत होतो. ते माझ्या बाबांसारखंच गिचमिड होतं.

वर त्यांनी लिहिलं, 'घरचं उत्तर'. आणि खाली, एक शब्दही न सुधारता, 'एकदा तरी कागद माघारी धाडायचा होता की, साहेब.'

मार्करला टोपण लावून ते आमच्याकडे वळले. मग पहिल्यांदाच खुर्ची ओढून तीत बसले.

"उतरवून घ्या," म्हणाले.

सगळ्यांनी वह्या उघडल्या. माझ्याकडे पेन नव्हतं, सूरजनं त्याचं माझ्यापुढं सरकवलं.